पाचर

मायक्रोस्कोपच्या तोंडावरचं काळं झाकण तसंच होतं, आणि सुकलूभाऊ वरून डोळा लावून सांगत होते, "मॅडम, चाळीस पॉइंट दोन."

दीपिकानं वहीत ४०.२ लिहिलं. आधी लिहायचं आणि मग बघायचं, ही चार वर्षांत अंगवळणी पडलेली सवय. लिहून मान वर केली तेव्हा झाकण दिसलं. सकाळी तिनंच ते लावलं होतं. कुलरचं जुनं गवत बदलायचं होतं, भिंगावर धूळ बसू नये म्हणून. म्हणजे आता त्या नळीत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून सुकलूभाऊ आकडा काढून देत होते, तोही दशांशापर्यंत. "लिहिलं?" त्यांनी विचारलं. प्रत्येक आकड्यानंतर ते असं विचारायचे, आणि तिनं "लिहिलं" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. "लिहिलं," ती म्हणाली. त्यांनी पट्टी उलटली, तिच्या टोकावर ठोकलेला नंबर अंगठ्यानं चाचपला, स्क्रूला दोन वेढे दिले आणि पुन्हा वाकले. सात नंबर, मागची बाजू, एकोणचाळीस पॉइंट नऊ. लिहिलं? लिहिलं. अजून पाच पट्ट्या होत्या, म्हणजे दहा आकडे. तिनं दहाच्या दहा लिहून घेतले, खाली तारीख घातली, आणि 'वाचन' या रकान्यात नेहमीसारखं 'सु. नैताम' लिहिलं. मग सुकलूभाऊ पाणी प्यायला बाहेर गेले. दाराच्या चौकटीला त्यांचा हात आधी लागला आणि मग ते गेले, हेही तिनं पाहिलं.

तसं पाहिलं तर सगळा मामला अगदी साधा. ॲल्युमिनियमच्या दोन वीतभर पट्ट्या गोंदानं एकमेकींना चिकटवायच्या. साधा गोंद नव्हे, दोन डब्यांतून कालवून लावायचा, महागडा. एका टोकाशी गोंद लावायचाच नाही आणि त्या टोकात पोलादी पाचर ठोकायची, लाकूडतोडे ओंडक्यात मारतात तसलीच, फक्त बोटाएवढी. पाचर पट्ट्यांना फाकवते, गोंद त्यांना धरून ठेवतो, आणि दोघांची ओढाताण जिथं मिटते तिथं फट थांबते. मग ते सगळं ऊन पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचं. पाणी गोंदात झिरपतं, गोंद हळूहळू धीर सोडतो, फट पुढे सरकते. तासानं, दिवसानं, मग दर आठवड्याला, नव्वद दिवस आणि त्याच्याही पुढे, फट मोजायची. त्या लांबीवरून कळतं, गोंदात चिवटपणा किती उरला. ना मोठं यंत्र, ना वजनं. एक पाचर, एक पट्टी आणि एक डोळा. फक्त चिवटपणा काढायच्या सूत्रात फटीची लांबी चार वेळा स्वतःशीच गुणून भागाकारात बसते, त्यामुळे वाचनात एक पंचमांश फरक पडला तर उत्तर निम्म्यावर येतं. मे महिन्यात टाकीचा हीटर बंद केला तरी चालेल, चंद्रपूरच्या नळाला तसंही उकळतंच पाणी येतं, अशी थट्टा स्टाफरूममध्ये चालायची. दीपिकाही हसायची. हसण्याचासुद्धा अलीकडे शीण यायचा.

आणि तो डोळा सुकलूभाऊंचा असावा हे तिनंच ठरवलं होतं. आठवड्याला सोळा तास शिकवायचं, परीक्षांचे पेपर तपासायचे, त्यातून टाकीपाशी बसायला वेळ कुठला. शिवाय सुकलूभाऊंच्या नजरेचा कॉलेजात तीस वर्षं दबदबा. कुरखेड्याकडचा हा माणूस शिपाई म्हणून लागला, प्रयोगशाळेत साहाय्यक झाला, आणि प्राध्यापकांची वाचनं जिथं एकमेकांशी भांडायची तिथं शेवटचा शब्द त्यांचा असायचा. वाचणाऱ्याला काय उत्तर यायला हवं ते ठाऊक नसावं, असं पुस्तकात लिहिलेलं. सुकलूभाऊंना ते ठाऊक नव्हतं. पण मागचं वाचन त्यांना ठाऊक होतं. बारा पट्ट्यांच्या दोन-दोन बाजू, चोवीस आकडे, हा माणूस डोक्यात घेऊन हिंडत होता आणि दर खेपेला त्यात पॉइंट एक, पॉइंट दोन मिसळून परत देत होता. म्हणूनच ते इतके गुळगुळीत यायचे. नागपूरच्या सरांनी, म्हणजे तिच्या गाइडनी, आलेख पाहून म्हटलं होतं की असे शहाणे आकडे आपण उभ्या जन्मात पाहिले नाहीत. नव्वद दिवस पाण्यात राहूनही हा गोंद दबत नाही, हा तिच्या प्रबंधाचा कणा झाला. तोच आकडा तिनं संगणकातल्या मॉडेलला दिला. मॉडेल बिचारं भोळं. त्यात सांध्याच्या जागी हजारो बारीक स्प्रिंगा असतात, आणि कुठली कधी तुटायची ते त्या एका आकड्यावर ठरतं. आकडा कुणाच्या डोळ्यातून आला हे ते विचारत नाही. दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून ते पडद्यावर निळा-हिरवा सांधा काढून दाखवतं, आणि निळं म्हणजे सुरक्षित.

त्या निळ्या रंगावर विसंबून मिथुन उसेंडीनं नाव बांधली होती. मिथुन तिचाच विद्यार्थी, आता ब्रह्मपुरीला त्याचं लहानसं वर्कशॉप. पातळ पत्रा वेल्डिंगनं वाकतो, म्हणून शिवणी गोंदानं जोडलेली, चार माणसांनी खांद्यावर उचलावी अशी हलकी नाव. पावसाळ्यात नद्या चढल्या की गडचिरोलीतली कितीतरी गावं तुटतात. मग बाळंतपणाला अडलेली बाई असो की रेशनचं पोतं, कोरलेल्या डोंग्यातून जायचं. पुढच्या बुधवारी वैनगंगेत वीस माणसं बसवून चाचणी होती, आणि ती नीट झाली की पाऊस लागायच्या आत आठ नावा जाणार होत्या. मिथुननं पहिल्या नावेचा फोटो पाठवला होता. त्यावर तिनं अंगठा पाठवला होता.

घरी येताना स्कूटीवर ऊन अंगाला डसत होतं. सिग्नलला थांबल्यावर तिच्या तोंडून आपोआप निघालं, ई, एफ पी, टी ओ झेड, एल पी ई डी. शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. किती वर्षांनी आलं हे ओठांवर. बाबा एका कंपनीच्या डंपरवर ड्रायव्हर होते, कोळसा वाहायचे. साखरेनं त्यांची नजर गेली तेव्हा दीपिका अकरा वर्षांची. कंपनीची डोळ्यांची तपासणी दोन वर्षांनी यायची आणि भिंतीवरचा तक्ता बदलत नाही हे वस्तीतल्या सगळ्याच ड्रायव्हरांना माहीत. कुणीतरी तो कागदावर उतरवून आणला. बाबांना तो कागदही दिसत नव्हता. म्हणून दीपिका वाचायची आणि बाबा मागून म्हणायचे, दोघं बाजेवर बसून, शाळेतली कविता म्हणावी तसं. डाव्या डोळ्यानं म्हणताना शेवटून दुसऱ्या ओळीत एखादं अक्षर चुकवायचं, म्हणजे खरं वाटतं, ही युक्ती तिची होती. बाबा पास झाले. तिला जिलेबी आणली. त्यानंतर सव्वा वर्ष ते डंपर चालवत होते, आणि सव्वा वर्ष ती शाळेतून आल्यावर पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायची. काही झालं नाही. एका दुपारी बाबांनी डंपर रस्त्याच्या कडेला उभा केला आणि किल्ली खिशात घालून तीन कोस चालत घरी आले. पुन्हा कधी चढले नाहीत. का, ते आईनं खूपदा विचारलं. खूप वर्षांनी, जायच्या आधी, ते एवढंच बोलले की समोर बाई होती का दगड होता ते समजलं नाही, पण हललं होतं. काही झालं नाही हे तिनं स्वतःला तीस वर्षं सांगितलं, आणि एकदाही तिचं त्यावर समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, कॉलेजला सुट्टी. आईनं खिरीला दूध आटवत ठेवलं होतं. विहारात कधी निघायचं म्हणून विचारलं. दीपिका म्हणाली, तू पुढे हो. वॉचमनकडून किल्ली घेऊन तिनं प्रयोगशाळा उघडली. सुट्टीच्या दिवशी ती खोली वेगळीच वाटायची, टाकीतल्या पंपाची गुरगुर तेवढी. तिनं सात नंबरची पट्टी काढली, पुसली, मायक्रोस्कोपखाली धरली, आणि झाकण काढलं. कडेला पांढरा रंग दिलेला होता, त्यावर मिलिमीटरच्या रेघा, आणि त्या पांढऱ्यातून केसासारखी काळी फट चालली होती. पंचवीस. तीस. पस्तीस. चाळीसवर ती थांबेल म्हणून दीपिकानं श्वास धरला. फट थांबली नाही. बेचाळीस, पंचेचाळीस, मस्तपैकी पुढे चालली होती. अठ्ठेचाळीस पॉइंट सहा. तिनं मागची बाजू पाहिली, आठ नंबर पाहिला, नऊ पाहिला. अकरा नंबरात फट एकावन्नपर्यंत गेली होती. सगळ्या बाराही पट्ट्या तिनं दोन-दोनदा वाचल्या. ओठ हलत होते, लिहिलं? असं विचारणारं आज कुणी नव्हतं. हिशेब करायला कागदही लागला नाही. चिवटपणा निम्म्याहून खाली. पाण्यानं गोंद खाल्ला होता, जसा तो कुठल्याही गोंदाला खातो, आणि तिनं जगाला सांगितलं होतं की खात नाही.

ती स्टुलावर बसून राहिली. राग कुणाचा करावा हे तिला कळेना, आणि खरं तर राग करण्याएवढं बळही नव्हतं. प्रबंधाची शेवटची मुदत जूनमध्ये संपत होती. पुन्हा पट्ट्या चिकटवून पुन्हा नव्वद दिवस म्हणजे सप्टेंबर. चार वर्षं टाकीत गेली असं समजायचं. तिनं सरांना फोन केला. सर एका लग्नात होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग जरा बाजूला आल्यासारखा त्यांचा आवाज खाली आला. सुट्टीच्या दिवशी एकटीनं घेतलेली वाचनं ही काही वाचनं नव्हेत, त्यांचं म्हणणं. चाचणी शांत पाण्यात आहे, नाव कोरी आहे, नव्वद दिवस भिजलेली नाही, बुधवारी काय व्हायचंय. ते होऊन जाऊ दे, मग सावकाश एक दुरुस्तीची ओळ घालू. सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणत होते त्यात खोटंही काही नव्हतं. बुधवारी खरंच काही झालं नसतं. झालं असतं ते ऑगस्टमध्ये, किंवा पुढच्या ऑगस्टमध्ये, कुठल्यातरी नदीच्या मध्यावर, आणि तेव्हा सांध्यापाशी ना सर असते ना ती. दीपिका 'बरं सर' म्हणाली आणि फोन ठेवला.

ऊन कलायच्या आधीच ती सुकलूभाऊंच्या घरी गेली. शहराच्या कडेला दोन खोल्या, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. गावाकडून भावानं पाठवली होती. सुगंधाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, खुर्ची दिली, सरबत दिलं आणि काहीतरी ओळखून त्या आत निघून गेल्या. सुकलूभाऊ बाजेवर बसले होते. पायांच्या आवाजावरूनच ते म्हणाले होते, या मॅडम. ती झाकणाबद्दल बोलली. चढा आवाज नव्हता, जाब विचारल्यासारखंही नाही. मग त्यांनी सांगितलं की गेल्या वर्षापासून डोळ्यात धूर भरल्यासारखं होतं. मोठ्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला, म्हणून दवाखान्याची धास्ती. पहिले काही आठवडे फट नखाला लागायची, नखानं वाचलं. मग फट इतकी बारीक झाली की नखाला कळेना. तोवर आकडे पाठ झाले होते. पाण्यातली चीज थोडी तर वाढणारच, म्हणून थोडी थोडी वाढवत नेली.

"काऊन नाई सांगतलं, भाऊ?" दीपिकानं विचारलं. घरची ती बोली तिच्या तोंडी कॉलेजात कधी यायची नाही.

"तुमाले आकडे पसंत पडून राह्यले होते," सुकलूभाऊ म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं. खरं होतं. दर वाचनाच्या दिवशी ती मान डोलवायची, वा भाऊ, म्हणायची. आणि मार्चमधली ती सकाळ तिनं आजवर मनाच्या कोपऱ्यात सरकवून ठेवली होती, ती आता आपण होऊन पुढे आली. प्रयोगशाळेच्या दाराशी सुकलूभाऊ उभे होते, डाव्या हाताचं नख कुलपाच्या भोकात ठेवून त्या नखावरून किल्ली आत सरकवत होते. अशी किल्ली लावणारा दुसरा एकच माणूस तिनं पाहिला होता. तिला त्याच क्षणी समजलं होतं. समजलं आणि ती चहाला निघून गेली होती.

"मले मार्चातच समजलं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक हाये मले," सुकलूभाऊ म्हणाले. "तवापासून तुमी माह्या हातातली किल्ली घेऊन सोता कुलूप उघडाले लागल्या. मी समजलो, मॅडमले चालते."

अंगणात कोंबडी मोहफुलांवर आली तशी आतून सुगंधाबाईंनी हाकलली. दीपिकानं नावेचं सांगितलं. हे आकडे नावेत गेलेत हे सुकलूभाऊंना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं होतं ते प्रबंधात जातात, आणि प्रबंध कपाटात. नाव कुठं जाणार, त्यांनी विचारलं. तिनं गावांची नावं घेतली. सतीनदीकाठचं त्यांचं गाव त्यात तिसरं होतं. ते उठून उभे राहिले, कुठं जायचं ते न सुचल्यासारखे पुन्हा बसले. मग म्हणाले, "लिहून द्या. माहं नाव लिहा." आठ महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. ते तिनं बोलून दाखवलं नाही, त्यांनीही नाही.

रस्त्यातच झाडाखाली स्कूटी लावून तिनं मोबाइलवर पत्र लिहिलं, मिथुनला, सरांना आणि प्राचार्यांना एकत्र. नव्वद दिवसांची पाण्यातली सगळी वाचनं रद्द समजावीत. खरा चिवटपणा दिलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. या शिवणीच्या नावेत कुणीही बसू नये. इथवर सोपं होतं. पुढचं एक वाक्य तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वाचणाऱ्याची नजर अधू असल्याचं मला मार्चपासून माहीत होतं आणि मी वाचनं तपासली नाहीत. एवढं वाक्य नसतं तर ती फक्त फसलेली ठरली असती. फसलेल्याला मुदतवाढ मिळते, लोक हळहळतात. तिनं सुकलूभाऊंचं नाव घातलं, त्यांनी सांगितलं होतं म्हणून, आणि त्या वाक्याच्या खाली स्वतःचं. पाठवून झाल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. फक्त तहान लागली.

मिथुनचा फोन लगेच आला. मागे वर्कशॉपात ग्राइंडर चालला होता तो बंद झाला. मग त्यानं विचारलं, रिव्हेट मारले तर. तिनं सांगितलं की मारता येतील, पण शिवण नव्यानं आखावी लागेल, भोकांतून पाणी येणार नाही हे बघावं लागेल, दिवाळी उजाडेल. "म्हंजे यंदा पुन्हा डोंग्यावरच, मॅडम," तो म्हणाला. ती हो म्हणाली. त्यानं चाचणी रद्द केली. आभार मानले नाहीत, आणि ते बरंच केलं. सरांनी त्यानंतर फोन उचलला नाही. प्राचार्यांनी सोमवारी दोघांना बोलावून घेतलं. तिच्यावर चौकशी बसेल म्हणाले. सुकलूभाऊंना म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरकडून फिट असल्याचा कागद आणा, आणलात तर आठ महिने दुसऱ्या खात्यात काढा, नाहीतर आजपासून घरी. बाहेर आल्यावर दीपिकाच म्हणाली, चला, मी नेते.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर दोघं शेजारी बसून राहिले, दोन तास. तिनं त्यांना मोतीबिंदूबद्दल सांगितलं, पिकलेला असेल तर काढता येतो, भावाचं झालं तसं दर वेळी होत नाही. ते हं हं म्हणत होते. नंबर आल्यावर आत अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर उजळलेला तक्ता. तपासणारी मुलगी खुशबू म्हणून होती, बोलायला गोड. बाबा, अक्षरं की आकडे, तिनं विचारलं. सुकलूभाऊ म्हणाले, आकडे. तिनं तक्ता बदलला, उजवा डोळा झाकला आणि छडी सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवली. तो आकडा हाताच्या पंजाएवढा होता. दीपिकाला तो दारातूनच दिसला होता.

सुकलूभाऊ शेजारी उभ्या असलेल्या दीपिकाकडे किंचित झुकले. ओठ न हलवता, तिलाच ऐकू येईल एवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, वरचा कोणता हाये?"

तिची जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. अकरा वर्षांची असल्यापासून ती जीभ त्या कामाला सरावली होती. एक आकडा, मग खालचे दोन, शेवटून दुसऱ्या ओळीत एखादा चुकवायचा. कागद मिळाला असता, आठ महिने निघाले असते.

"भाऊ," ती म्हणाली, "दिसते तेवढंच सांगा."

त्यांनी मान सरळ केली. छतावरचा पंखा कुरकुरत होता. खुशबूनं छडी आकड्यावर दोनदा टेकवली आणि थांबली. सुकलूभाऊ तक्त्याच्या बाजूला, जरा डावीकडे, नुसत्या भिंतीकडे बघत होते. मग प्रयोगशाळेत सांगायचे तशा खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं, "काईच नाई दिसून राह्यलं."

खुशबूनं कार्डावर काहीतरी खरडलं. सुकलूभाऊंनी मान वळवली, दीपिका जिथं असेल असं वाटलं तिकडे.

"लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं," दीपिका म्हणाली.